ग्राफिक्स कार्ड बदलताना: हाय रिफ्रेश रेट गेमिंगसाठी आधी मोजमाप, मग खरेदी

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ग्राफिक्स कार्डाच्या खरेदीला जितकी लागू पडते तितकी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कुठल्या भागाला पडत नसेल. १४४ किंवा २४० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा, हाच रिफ्रेश रेट) मॉनिटर येतो, गेममध्ये सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांचा, म्हणजे फ्रेम्सचा, आकडा नव्वदच्या पुढे सरकत नाही, आणि सगळा राग कार्डावर निघतो. नवं, महागडं कार्ड बसतं. आकडा नव्वदचा शंभर होतो आणि तिथेच थांबतो.

६० हर्ट्झवर खेळताना बहुतेक वेळा कार्डच अडतं. रिफ्रेश रेट वाढवत नेला की प्रोसेसरची पाळी येते. सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम्स तयार होऊ शकतात हे प्रोसेसर ठरवतो. कार्ड तुम्हाला त्या मर्यादेपर्यंत नेऊन सोडतं, तिच्या पलीकडे नेत नाही. म्हणून या लेखात स्क्रूड्रायव्हर बराच उशिरा येईल.

मिलिसेकंदांचा हिशेब

एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम्स) मिलिसेकंदांत विचार करायची सवय लावली की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. ६० हर्ट्झला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झला ६.९, २४० ला ४.२ आणि ३६० ला फक्त २.८. तेवढ्या वेळात प्रोसेसरने खेळाचं गणित, हालचाली, टकरा, आवाज, नेटवर्क हे सगळं उरकून कार्डाला काय काढायचं ते सांगायचं असतं, आणि कार्डाने ते चित्र काढून द्यायचं असतं. दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमवर काम करत असतात, त्यामुळे त्यांचा वेळ बेरजेने मोजायचा नसतो. दोघांत जो हळू, त्याच्या चालीने गेम चालतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. ६० वरून १४४ वर गेलात तर प्रत्येक फ्रेममागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जाताना २.८ वाचतात आणि २४० वरून ३६० वर जाताना १.४. पहिली उडी कोणालाही जाणवते. शेवटची ज्यांना जाणवते ते बहुधा स्पर्धात्मक शूटर रोज खेळणारे असतात. बाकीच्यांनी ३६० च्या मागे न लागता १४४ किंवा १६५ स्थिर कसं मिळेल ते पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'स्थिर' या शब्दावर भर आहे. सरासरी १५० एफपीएस दिसत असले आणि मध्येच एखादी फ्रेम ३० मिलिसेकंद घेत असली तर डोळ्यांना झटकाच बसतो. म्हणून सरासरीबरोबर '१ टक्का लो' हा आकडा पाहायचा. सर्वांत हळू १ टक्का फ्रेम्सचा वेग किती होता ते तो सांगतो. सरासरी १५० आणि १ टक्का लो ११० असेल तर खेळ गुळगुळीत वाटतो. सरासरी १७० आणि लो ५५ असेल तर नाही.

अडतंय कोण?

मोजायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर हे कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. त्यात जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर, एफपीएस आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख एवढं स्क्रीनवर दिसू द्या. नोंदी ठेवून तुलना करायची असेल तर कॅपफ्रेमएक्स अधिक सोयीचं.

मोजताना खेळातला सगळ्यात जड प्रसंग निवडा. रिकाम्या सराव मैदानात सगळेच कॉम्प्युटर पैलवान असतात. धूर, स्फोट, दहा खेळाडू, गर्दीचं शहर, असं काहीतरी हवं, आणि पुन्हा जसंच्या तसं खेळता येईल असं. गेममध्ये रिप्ले किंवा बेंचमार्क असेल तर उत्तम.

आता व्ही-सिंक (फ्रेम्सना मॉनिटरच्या दराशी बांधणारी सेटिंग) बंद करा आणि एफपीएसवरची सगळी बंधनं काढा. गेममधली काढाच, पण ड्रायव्हरमधलीही तपासा, कारण तिथे कधीतरी लावून विसरलेली १२० ची मर्यादा पुढचं सगळं निदान चुकवते. तो प्रसंग नेहमीच्या सेटिंगवर एकदा खेळा आणि आकडे लिहून ठेवा. मग बाकी काही न बदलता फक्त रिझोल्युशन ७२०पी पर्यंत खाली आणा, किंवा रेंडर स्केल (गेम आतून ज्या प्रमाणात चित्र काढतो ते) ५० टक्के करा, आणि तोच प्रसंग पुन्हा खेळा.

रिझोल्युशन कमी केल्याने कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. समजा १४४०पी ला ८५ एफपीएस होते आणि ७२०पी ला १९० झाले. कार्ड अडत होतं. नवं कार्ड घेतल्यावर या गेममध्ये, या सेटिंगवर, साधारण १९० पर्यंत जायला जागा आहे. पण ८५ चे फक्त १०० झाले, तर बाजारातलं सर्वांत मोठं कार्ड आणलंत तरी १०० च्या आसपासच राहाल. हा ७२०पी चा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे खरेदीच्या वेळी तो पुन्हा लागणार आहे.

जीपीयूचा वापर पाहूनही अंदाज येतो. तो सतत ९७ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय. ६० ते ७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर ते कोणाची तरी वाट पाहतंय. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र एकूण टक्केवारीवर जाऊ नका. आठ कोरच्या प्रोसेसरचा एकूण वापर ३५ टक्के दिसत असतो आणि गेमचा मुख्य थ्रेड (कामाची मुख्य साखळी) ज्या कोरवर चालतो तो तेवढ्यात घामाघूम झालेला असतो. टास्क मॅनेजरमधला तो ३५ चा आकडा दाखवून 'प्रोसेसर तर निवांत आहे' असं सांगणारे भरपूर भेटतात.

ही चाचणी एकाच गेममध्ये करून थांबू नका. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारखे गेम कमी सेटिंगवर खेळले की बहुधा प्रोसेसरवर अडतात. दिसायला देखणे, रे ट्रेसिंगवाले (प्रकाशाचे किरण हिशेबाने काढणारे) एकट्याने खेळायचे गेम बहुधा कार्डावर. तुम्ही जे जास्त खेळता त्याचा कौल मोठा.

प्रोसेसर अडत असेल तर

आधी फुकटातले उपाय. रॅमवर लिहिलेला वेग आपोआप मिळत नाही. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा लिहिलेला वेग लावणारं प्रोफाइल चालू केलं नसेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० वर चाललेली सापडते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीचा वेग लिहिलेला असतो, पाहून घ्या. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी जोडून ड्युअल चॅनल करा. दोन पट्ट्या असतील तर त्या योग्य खाचांत आहेत ना ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा. चार खाचांच्या बोर्डवर बहुतेकदा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. या दोन गोष्टींनी १ टक्का लो असा काही सुधारतो की कार्ड बदलायचा विचार काही महिने पुढे ढकलावासा वाटतो.

मग गेममधल्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या सेटिंग खाली आणा: दृष्टीचं अंतर, गर्दीची घनता, फिजिक्स. रे ट्रेसिंगही फक्त कार्डाचं दुखणं नाही, त्यासाठी लागणारी दृश्याची मांडणी दर फ्रेमला ताजी ठेवण्यात प्रोसेसरचाही वेळ जातो.

एवढं करूनही भागत नसेल तर खर्च प्रोसेसरवर करा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) बोर्ड असणाऱ्यांना २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा चांगला मार्ग ठरला. त्यात ९६ मेगाबाइट एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, साध्या ५८००एक्समध्ये ३२ आहे, आणि गेम्सना या जास्तीच्या कॅशेचा मोठा फायदा होतो. त्याच सॉकेटवर बायॉस अपडेट करून बसत असल्याने बोर्ड आणि रॅम बदलावी लागत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या पिढीपासून चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसतात, तिथेही बोर्ड न बदलता वर चढता येतं.

कार्ड निवडताना

कार्डाचे रिव्ह्यू वाचताना एक गोष्ट सुटते. चाचणी घेणारे मुद्दाम बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, म्हणजे कार्डांमधला फरक उघडा पडतो. तो प्रोसेसर तुमच्याकडे नसतो. त्यामुळे रिव्ह्यूमध्ये तुमच्या रिझोल्युशनला आणि सेटिंगला त्या कार्डाचा जो आकडा दिसेल तो घ्या, कागदावर लिहून ठेवलेला ७२०पी चा आकडा घ्या. दोहोंत जो लहान, तो तुमच्या घरी दिसेल. हाच नियम दोन कार्डांत निवड करताना वापरा: एक २१० देतं, दुसरं २६०, आणि तुमची मर्यादा १९० असेल तर महागडं घेऊन आज काहीच पदरात पडत नाही. वर्षभरात प्रोसेसरही बदलणार असाल तर गोष्ट वेगळी.

रिझोल्युशनचा भार किती वाढतो ते पिक्सेल मोजून कळतं. १०८०पी ला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी ला ३६.९ लाख, ४के ला ८२.९ लाख. १०८०पी वर १४४ आरामात देणारं कार्ड १४४०पी वर नेलं की त्याला पावणेदोन पट पिक्सेल रंगवायचे असतात.

व्हीरॅमबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे फसगत जास्त होते. स्पर्धात्मक गेम कमी सेटिंगवर खेळणाऱ्याला ८ गीगाबाइट पुरतात. नवे मोठे गेम १४४०पी ला, टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) वर ठेवून खेळायचे असतील तर ८ अपुरे पडू लागले आहेत. गंमत म्हणजे व्हीरॅम भरल्यावर सरासरी एफपीएस फारसे पडत नाहीत. पडतो तो १ टक्का लो, आणि काही गेममध्ये भिंतींवरची टेक्स्चर मेणासारखी धूसर होतात. म्हणजे ज्या गुळगुळीतपणासाठी कार्ड घेतलं तोच जातो. १४४०पी साठी मी १२ किंवा १६ गीगाबाइटच्या खाली जायला सांगणार नाही.

नावाखाली काय दडलंय तेही पाहा. आरटीएक्स ३०६० बारा गीगाबाइट आणि १९२ बिट बसचं (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी) आलं, पुढे त्याच नावाने आठ गीगाबाइट आणि १२८ बिटचंही आलं. ते नुसतं कमी मेमरीचं नव्हतं, हळूही होतं. आरटीएक्स ४०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी हीसुद्धा ८ आणि १६ अशा दोन्ही रूपांत मिळतात. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुना बोर्ड असणाऱ्यांनी पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड बसतं त्या स्लॉटच्या) लेनकडे, म्हणजे डेटाच्या वाटांकडे, बघावं. स्लॉट सोळा लेनचा असला तरी सगळी कार्डं सोळा वापरत नाहीत. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० आठ वापरतात, आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डवर आठ लेन पुरतात. ३.० च्या बोर्डवर त्याच आठ लेनची क्षमता निम्मी होते, आणि व्हीरॅम भरून कार्ड मुख्य रॅमकडे धावू लागलं की हा फरक झटक्यांच्या रूपात दिसतो. चार लेनवाल्या कार्डाला जुन्या बोर्डवर तो सर्वांत जास्त भोवतो.

एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर यांचं अपस्केलिंग (कमी रिझोल्युशनला काढलेलं चित्र मोठं करणं) कार्डाचं काम खरोखर कमी करतं, त्यामुळे कार्ड अडत असेल तर एफपीएस वाढतात. प्रोसेसर अडत असेल तर नाही. फ्रेम जनरेशन हे वेगळं प्रकरण आहे. दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये तयार केलेली फ्रेम घुसवली जाते. स्क्रीनवर १२० दिसतात, पण माउस हलवल्यावरचा प्रतिसाद ६० चाच, खरं तर किंचित मंद, कारण मधली फ्रेम तयार करायला पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते. संथ, देखण्या गेमला छान आहे. नेमबाजीच्या गेममध्ये मी ते बंदच ठेवेन. जाहिरातीतल्या आलेखात हे आकडे मिसळलेले असतात, तेवढं लक्षात ठेवा.

इंटेलची आर्क कार्डं पाहत असाल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला पूर्ण व्हीरॅम एकदम वापरता येण्याची सोय) चालू करता येणारा बोर्ड आणि प्रोसेसर आहे याची आधी खात्री करा. इतर कार्डांना त्याने थोडा फायदा होतो. आर्कला त्याच्याशिवाय मोठा फटका बसतो.

वापरलेलं कार्ड घेताना ते डोळ्यांदेखत चालू करून जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट पंधरा-वीस मिनिटं चालवायला लावा, जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या साधनात) नाव आणि मेमरी जुळते का बघा, पंख्यांचा आवाज ऐका.

वीज

कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडातून ७५, आठ पिनांच्या जोडातून १५०. आरटीएक्स ४०६० चं काम ११५ वॅटमध्ये भागतं, आरटीएक्स ४०९० ला ४५० लागतात, ५०९० ला ५७५. पण खरा त्रास सरासरी वापराचा नसतो. काही मिलिसेकंदांसाठी कार्ड नेहमीपेक्षा खूप जास्त वीज ओढतं, आणि जुना किंवा हलका पॉवर सप्लाय त्या क्षणी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. गेम रंगात आला असताना कॉम्प्युटर एकदम काळा पडून पुन्हा सुरू होत असेल तर पहिला संशय इथे घ्या. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात असे झटके सोसण्याची अट घातलेली आहे.

कार्ड कंपनी किती वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते ते पाहा आणि त्याच्या खाली जाऊ नका. दोन आठ-पिन जोड असतील तर दोन वेगळ्या केबल वापरा. एकाच केबलच्या टोकाला दोन जोड असतात, ते सोयीचे वाटतात, पण जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला तशी जोडणी देऊ नये. आणि एक नियम कधीच मोडायचा नाही: मॉड्युलर पॉवर सप्लायच्या केबल दुसऱ्या पॉवर सप्लायला लावायच्या नाहीत. कार्डाकडचं टोक सारखंच असतं. पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनांची रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते, आणि चुकीची लागली तर कार्डच काय, बोर्डही जाऊ शकतो.

सोळा पिनांचा नवा जोड, १२व्हीएचपीडब्ल्यूआर, ६०० वॅटपर्यंत वाहून नेतो. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे हे जोड वितळल्याच्या बातम्या आल्या आणि त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत जोड पूर्ण आत गेलेला नव्हता. नंतर आलेल्या १२व्ही-२x६ मध्ये संवेदक पिना आखूड केल्या, म्हणजे जोड नीट बसला नसेल तर कार्ड पूर्ण वीज ओढतच नाही. तुमच्याकडे कोणताही असो, तो फट न राहता शेवटपर्यंत दाबा, बाजूने वाकून बघा, आणि केबल जोडापासून निदान ३५ मिलिमीटर सरळ ठेवून मगच वळवा. यामुळे कॅबिनेटच्या रुंदीत भर पडते, ती मोजमापात धरा.

जागा

लांबी, जाडी आणि उंची कार्डाच्या वेबपानावरून घ्या आणि कॅबिनेटमध्ये टेपने मोजा. समोर रेडिएटर किंवा पंखे असतील तर त्यांची जाडी वजा करा. तीन स्लॉट जाडीचं कार्ड खालचे स्लॉट आणि कधी साटा पोर्टही झाकतं.

मॉनिटरकडे जाणारी वाट

नव्या कार्डावरही मॉनिटर ६० वरच अडकला, अशी तक्रार आली की बहुतेकदा दोष केबल किंवा पोर्टचा असतो. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गीगाबिट. त्यावर १४४०पी १४४ जेमतेम बसतं, ४के पूर्ण रंगांसह ६० पर्यंतच. डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४ गीगाबिट, त्यात १४४०पी २४० बसतं, आणि ४के १४४ साठी डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं. ते डोळ्यांना कळत नाही. एचडीएमआय २.१ ची मजल ४८ पर्यंत. मॉनिटरच्या पुस्तिकेत प्रत्येक पोर्टला किती हर्ट्झ मिळतात ते लिहिलेलं असतं, आणि अनेक मॉनिटरांवर एचडीएमआयचा आकडा डिस्प्लेपोर्टपेक्षा कमी असतो. शंका असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा.

जुने १४४ हर्ट्झ मॉनिटर ड्युअल-लिंक डीव्हीआयवर चालत. आजच्या कार्डांवर डीव्हीआय नसतो, आणि एचडीएमआयवरून डीव्हीआय करणारा स्वस्त अडॅप्टर १०८०पी ला तुम्हाला ६० च्या आसपास आणून ठेवतो.

आदल्या दिवशीची तयारी

मदरबोर्डचा बायॉस अपडेट करायचा असेल तर तो जुनं कार्ड बसलेलं असतानाच करा. नव्या कार्डाचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की फोनवर किंवा कागदावर घ्या. बायॉसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती फक्त त्याच कॉम्प्युटरमध्ये असेल तर पंचाईत.

रिसायझेबल बारसाठी बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद आणि अबव्ह ४जी डीकोडिंग चालू लागतं. सीएसएम बंद करण्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोजची डिस्क जीपीटी (मांडणीची नवी पद्धत) आहे ना ते पाहा. एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही. विंडोज १० पासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन सोबतच येतं, त्याने डिस्क न पुसता रूपांतर होतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जात असाल तर डीडीयू हे साधन सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर काढा. त्याआधी इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज स्वतःच्या मर्जीने काहीतरी बसवून मोकळं होतं. त्याच कंपनीचं कार्ड असेल तर ड्रायव्हर बसवताना 'क्लीन इन्स्टॉल' निवडणं बहुधा पुरतं.

प्रत्यक्ष बदल

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, पॉवर सप्लायचा खटका बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं झोपवा. कार्ड उभ्या कॅबिनेटमध्ये काढलं की त्याचं वजन स्लॉटवर लोंबकळतं. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, आणि काम चालू असताना मधूनमधून लावत राहा.

जुन्या कार्डाच्या मागच्या केबल काढा. पॉवरचे जोड काढताना वायर ओढू नका, खिटी दाबून जोड धरा. मागच्या पट्टीचे स्क्रू काढा. आता स्लॉटच्या टोकाची खिटी दाबायची, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण मोठ्या कूलरमुळे ती दिसत नाही आणि बोट पोचत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकची काडी वापरा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घसरला तर बोर्डावर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा महागात पडतो. खिटी सुटल्याशिवाय कार्ड वर ओढू नका.

नव्या कार्डाच्या सोनेरी कडेवरचं आवरण आणि पंख्यांवरची प्लास्टिकची फिल्म काढा. प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये, दोन्ही टोकांना सारखा दाब देत, खटका ऐकू येईपर्यंत बसवा. आधी स्क्रू, मग पॉवर. कार्ड जड असेल तर सोबत आलेला आधार लावा. मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे.

झाकण उघडं ठेवूनच पहिल्यांदा चालू करा. पंख्याला एखादी वायर अडकत नाही ना ते बघा. पडदा काळा राहिला तर घाबरू नका. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलंय का, कार्डाचा दुसरा पोर्ट चालतो का, पॉवरचे जोड पूर्ण आत आहेत का, या क्रमाने पाहा. मग कार्ड काढून पुन्हा बसवा. तेही जमलं नाही तर सीएमओएस रिसेट करा, म्हणजे बायॉसच्या सेटिंग मूळपदावर आणा. बऱ्याच बोर्डांवर व्हीजीए असं लिहिलेला छोटा दिवा असतो. तो पेटून राहिला तर बोर्डाला कार्ड सापडत नाहीये.

विंडोजमध्ये आल्यावर

ड्रायव्हर बसवा. मग सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. नवं कार्ड लागल्यावर विंडोज पुष्कळदा ६० वर येऊन बसतं.

जीपीयू-झेड उघडून दोन गोष्टी तपासा. रिसायझेबल बार चालू दिसतोय का, आणि बस इंटरफेस अपेक्षेइतका आहे का. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला पीसीआय एक्सप्रेसची पिढी १.१ दिसू शकते. शेजारच्या प्रश्नचिन्हाची रेंडर टेस्ट चालू केल्यावर ती वर गेली पाहिजे. सोळा लेनचं कार्ड आठवर किंवा चारवर अडकलं असेल तर ते नीट बसलेलं नाही, चुकीच्या स्लॉटमध्ये आहे, किंवा एखादी एम.२ डिस्क त्याच्या लेन वाटून घेतेय.

आता अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक. एएमडीचं फ्रीसिंक असो की एनव्हिडियाचं जी-सिंक, मॉनिटर फ्रेमची वाट पाहतो, त्यामुळे १२० ते १४० च्या दरम्यान एफपीएस हेलकावत असले तरी चित्र फाटत नाही. एनव्हिडियाची कार्डं २०१९ पासून फ्रीसिंकचे अनेक मॉनिटरही याच कामासाठी चालवतात. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत आणि ड्रायव्हरमध्ये, दोन्ही ठिकाणी ते चालू करा. एफपीएस मॉनिटरच्या कमाल दराला टेकले की हा फायदा संपतो, म्हणून मर्यादा तीन-चार फ्रेम्स खाली ठेवा: १४४ साठी १४० किंवा १४१. ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक चालू, गेममध्ये बंद. रिफ्लेक्स (एनव्हिडियाची प्रतिसाद वेगवान करणारी सोय), जी-सिंक आणि व्ही-सिंक तिन्ही चालू असतील तर १४४ हर्ट्झवर ही मर्यादा आपोआप १३८ च्या आसपास लागते, वेगळी लावायची गरज उरत नाही.

मर्यादा लावण्याचा आणखी एक फायदा आहे. कार्ड ९९ टक्क्यांवर गुदमरलेलं असताना प्रोसेसरने आधीच पाठवलेल्या फ्रेम्स रांगेत थांबतात आणि माउस जड वाटतो. रिफ्लेक्स किंवा एएमडीचं अँटी-लॅग ही रांग कमी करतात. ते नसलेल्या गेममध्ये कार्डाला थोडी उसंत मिळेल अशी मर्यादा लावली तरी तोच परिणाम साधतो. एफपीएस दहाने कमी आणि नेम जास्त अचूक, असा सौदा मी कधीही घेईन.

पुन्हा मोजा

आधीचाच प्रसंग, त्याच सेटिंगवर. मोजण्यापुरत्या मर्यादा काढा, नाहीतर १४० च्या पुढचं काही दिसणारच नाही. पहिला तास धरू नका. नव्या ड्रायव्हरवर गेम शेडर (कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) पुन्हा तयार करतात, त्यामुळे सुरुवातीला झटके बसतात आणि मग थांबतात.

आकडा कागदावरच्या ७२०पी च्या आकड्याजवळ पोचला असेल आणि जीपीयूचा वापर ९० च्या खाली असेल, तर कार्डाने आपलं काम केलंय, आता उरलेली ताकद रिझोल्युशन किंवा टेक्स्चर वाढवायला वापरा, ती जवळपास फुकट आहे. वापर ९९ टक्के असून आकडा रिव्ह्यूपेक्षा बराच खाली असेल तर तापमान, पॉवर लिमिट आणि लेन या तिन्ही गोष्टी पाहा. हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं) तापमान सरासरी तापमानापेक्षा १० ते २० अंश जास्त असणं नेहमीचं आहे. नव्या कार्डात हा फरक ३० च्या वर जात असेल तर कूलर नीट बसलेला नसावा. तो स्वतः उघडू नका, बदलून मागा. कार्डाचं ओझं कमी करायला आधी रे ट्रेसिंग, धुक्याची आणि सावल्यांची सेटिंग उतरवा. टेक्स्चरने एफपीएसवर फार फरक पडत नाही, जोवर व्हीरॅम शिल्लक आहे.

आवाज त्रास देत असेल तर अंडरव्होल्टिंग करून बघा. आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज थोडं थोडं खाली आणायचं आणि दर पायरीला तासभर जड गेम चालवायचा. गेम बंद पडला की एक पायरी वर. वेग जवळपास तेवढाच राहतो आणि पंखे शांत होतात.

हे सगळं विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीत उरका. जुनं कार्ड तोवर विकू नका. नव्यात काही खोट वाटली तर दोष कार्डात आहे की पॉवर सप्लायमध्ये, हे जुनं परत लावूनच पाच मिनिटांत कळतं.